बासनात गेलेले अर्ज: अमेरिकेतली गुलामगिरी आणि सह्यांची मोहीम

जुनापुराणा (धागाकर्ता)

‘सह्या करून कुणाचं काय वाकडं होतं?’ यावरून परवा दुसऱ्या एका धाग्यावर बरीच धुळवड झाली. तिथे मी अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्सचं नाव काढलं आणि दोघंतिघं ‘नीट सविस्तर लिहा’ म्हणून मागेच लागले. तर हा तो धागा. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती १७९१ ची. भाषणस्वातंत्र्य, छापखान्याचं स्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच वाक्याच्या शेपटाला आणखी एक हक्क आहे: गाऱ्हाणं दूर करा म्हणून सरकारकडे अर्ज करण्याचा. त्यासाठी मताचा अधिकार लागत नव्हता. बाई असो, फाटका मजूर असो, कागद आणि सही असली की झालं. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधीगृहात अर्जांचे दिवस ठरलेले असत. सभापती एकेका राज्याचा पुकारा करी, सुरुवात उत्तरेच्या टोकाच्या मेनपासून. सभासद उठायचा, अर्ज कुणाचा, कशाबद्दल, सह्या किती एवढं सांगायचा, की अर्ज त्या त्या समितीकडे रवाना. लढाईत जायबंदी झालेल्या शिपायाचं पेन्शन, नवा टपालरस्ता, जकात कमी करा, असलेच बहुतेक अर्ज. कुणाची झोप उडावी असं त्यात काही नसे.

गुलामगिरीविरुद्धचे अर्ज मात्र अगदी पहिल्या काँग्रेसपुढेच आले होते. फेब्रुवारी १७९० मध्ये क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे, आणि त्यांच्या पाठोपाठ पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा. या दुसऱ्यावर अध्यक्ष म्हणून सही होती बेंजामिन फ्रँकलिनची. म्हातारा तेव्हा ८४ वर्षांचा, दोनच महिन्यांनी गेला. दक्षिणेच्या सभासदांनी आकांडतांडव केलं आणि सभागृहाने ठरवून टाकलं की राज्यांमधल्या गुलामगिरीत हात घालायचा आपल्याला अधिकारच नाही. बाहेरून गुलाम आणणं १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही, हे तर घटनेतच लिहिलेलं होतं. पुढची चाळीस वर्षं असे अर्ज अधूनमधून येत, समितीकडे जात आणि तिथेच निजत.

खरी गंमत १८३० नंतरची. विल्यम लॉइड गॅरिसनचं ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्र जानेवारी १८३१ मध्ये बॉस्टनला सुरू झालं. डिसेंबर १८३३ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी निघाली. १८३५ च्या उन्हाळ्यात सोसायटीने दक्षिणेतल्या बड्या मंडळींना टपालाने ढिगाने पत्रकं धाडली. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला जमावाने टपालकचेरी फोडून ती पळवली आणि दुसऱ्या रात्री भर गावात त्यांची होळी केली. वॉशिंग्टनमधले टपालखात्याचे मुख्य आमोस केंडॉल यांनी याकडे सरळ काणाडोळा केला. म्हणजे टपालाची वाट बंद. मग उरली अर्जाची, कारण ती घटनेतच लिहिलेली.

मागायचं काय, हेही चलाखीने ठरवलेलं होतं. राज्यांतल्या गुलामगिरीला काँग्रेस हात लावणार नव्हती. पण राजधानीचा डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया थेट काँग्रेसच्या अखत्यारीत. तिथे तरी बंद करा, एवढीच मागणी. तिथे काही किरकोळ प्रकार चालत नव्हता. नदीपलीकडचं अलेक्झांड्रिया तेव्हा याच जिल्ह्यात मोडत होतं, आणि तिथली फ्रँकलिन अँड आर्मफील्ड ही गुलामांच्या खरेदीविक्रीतली देशातली सगळ्यात बडी पेढी. तिथून माणसं साखळदंडात बांधून दक्षिणेकडे हाकली जात.

अर्ज दिसायचा कसा? छापील नमुना वर्तमानपत्रातून कापायचा, नाहीतर हाताने उतरवून काढायचा आणि मोठ्या तावाच्या माथ्याला डकवायचा. खाली दोन रकाने. एकात पुरुष, म्हणजे ‘कायदेशीर मतदार’, दुसऱ्यात बायका. जागा संपली की खाली आणखी एक ताव खळीने जोडायचा. असे तावाला ताव जोडून लांबच लांब पट्टा झाला की गुंडाळी करून वॉशिंग्टनला. १८३७ मध्ये या मोहिमेची सूत्रं न्यूयॉर्कच्या कचेरीत थिओडोर वेल्ड, हेन्री स्टँटन आणि कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर या तिघांकडे आली. कार्यकर्त्यांना त्या वर्षी ज्या सूचना गेल्या त्यांचा मतलब असा, की शेतकऱ्याला शेतात गाठा, लाकूडतोड्याला रानात. दुकानदाराला गल्ल्यावर धरा, गाडीवानाची गाडी थांबवा. घरातल्या बाईला विसरू नका, तिच्या मुलीलाही विचारा. मजकूरही आखडला. आधीच्या अर्जांत पानभर कळवळा असे. आता दोन-तीन ओळी आणि खाली सह्या. सोसायटीच्या स्वतःच्या हिशोबानुसार १८३७-३८ च्या मोसमात या सह्या चार लाखांच्या वर गेल्या. मतदारांपेक्षा बिनमतदारांच्याच जास्त, कारण निम्म्याहून अधिक बायका.

सभागृह वैतागलं ते आधीच. डिसेंबर १८३५ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या जेम्स हॅमंडने मागणी केली की असला अर्ज घ्यायचाच नाही. पाच महिने घोळ चालला. शेवटी २६ मे १८३६ रोजी त्याच राज्याच्या हेन्री पिंकनीच्या समितीचा ठराव ११७ विरुद्ध ६८ मतांनी पास झाला: गुलामगिरीशी कुठल्याही प्रकारे आणि कितीही संबंध असलेला प्रत्येक कागद न छापता, समितीकडे न पाठवता मेजावर ठेवून द्यायचा आणि पुढे काहीही करायचं नाही. हाच तो ‘गॅग रूल’. तोंडात बोळा.

मतासाठी ॲडम्सचं नाव पुकारलं तेव्हा त्याने हो-नाही काही म्हटलं नाही. उभा राहिला आणि बजावलं, की हा ठराव घटनेचा, या सभागृहाच्या नियमांचा आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचा सरळ सरळ भंग आहे. चहूकडून गलका.

हा ॲडम्स म्हणजे दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचा मुलगा आणि स्वतः सहावा राष्ट्राध्यक्ष (१८२५ ते १८२९). अँड्र्यू जॅक्सनकडून हरल्यावर घरी बसून आठवणी लिहायच्या, तर पठ्ठ्या १८३० ची निवडणूक लढवून प्रतिनिधीगृहात आला. राष्ट्राध्यक्षपदानंतर त्या सभागृहात बसलेला तो एकटाच. आणि तो गुलामगिरीविरोधी चळवळीतला नव्हताच! डिसेंबर १८३१ मध्ये त्याने पेनसिल्व्हेनियाच्या क्वेकरांचे पंधरा अर्ज मांडले आणि त्याच दमात सांगितलं की जिल्ह्यातली गुलामगिरी बंद करण्याच्या मागणीला माझा पाठिंबा नाही. पण अर्ज ऐकून घेतलाच पाहिजे, यावर तो अडून बसला तो बसलाच.

आता ६ फेब्रुवारी १८३७ चा तमाशा. ॲडम्स उठून सभापती जेम्स पोकला विचारतो: माझ्याकडे एक कागद आहे, त्यावर २२ जणांची नावं आहेत आणि ते स्वतःला गुलाम म्हणवतात. हा कागद सभागृहाच्या ठरावात बसतो का? म्हणजे अर्ज मांडला नाही, नुसता प्रश्न विचारला. सभापती गांगरला. दक्षिणेचे सभासद जागेवरून उठले. एक म्हणतो कागद बाहेर नेऊन जाळा, साउथ कॅरोलायनाचा वॉडी थॉम्पसन म्हणतो ॲडम्सवर निंदेचा ठराव आणा. ही सगळी आदळआपट होऊ दिल्यावर म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं की त्या अर्जात काय मागितलंय हे कुणी विचारलंच नाही. अर्ज गुलामगिरी बंद करू नका असा आहे. झालं! आता दुप्पट संताप, सभागृहाची चेष्टा केली म्हणून. चार-पाच दिवस हेच चाललं. निंदेचा ठराव बारगळला. मात्र सभागृहाने १६२ विरुद्ध १८ मतांनी ठरवून घेतलं की गुलामांना अर्जाचा हक्क नाही.

त्याच ६ फेब्रुवारीला, त्याच इमारतीत, सीनेटमध्ये म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, याच अर्जांवर बोलताना साउथ कॅरोलायनाच्या जॉन कॅल्हूनने ते कुप्रसिद्ध भाषण केलं, गुलामगिरी ही वाईट गोष्ट नसून चांगलीच आहे असं सांगणारं.

माझं म्हणणं असं. हे अर्ज निमूट घेऊन समितीत मुरवत ठेवले असते, तर दहा वर्षांत लोक कंटाळून गेले असते. तोंडात बोळा कोंबला आणि उत्तरेतल्या ज्या माणसाला गुलामाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यालाही दिसलं की दक्षिणेची ही मंडळी आता आपल्या हक्कावर उठली आहेत. दक्षिणेने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं.

बोळा कसा निघाला ते पुढे प्रतिसादात लिहितो. बोटं दुखली.

साबुदाणावडा

मी पहिला! छान चाललंय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

टग्या

लेख झकास, पण निष्कर्ष पटला नाही. एवढे लाखो लोक सह्या करत बसले आणि शेवटी काय? १८६१ ते १८६५ युद्ध, सहा लाखांच्या वर माणसं मेली, तेव्हा कुठे गुलाम सुटले. अर्जाने झालं नाही, तोफेने झालं. आपल्याकडे मवाळांनी पण अर्ज-विनंत्यांचे कागद कमी काळे केले होते का?

शरावती

टग्याभाऊ, तोफ न उडवता झालेलं उदाहरण आहे ना, इंग्लंडचं. अमेरिकनांनी ही कला तिथूनच उचलली.

१७८८ मध्ये मँचेस्टरच्या एका अर्जावर दहा हजारांवर सह्या होत्या, गावच पन्नास हजारांच्या आतलं. १७९२ मध्ये पार्लमेंटपुढे ५१९ अर्ज आले, सह्या मिळून ३ लाख ९० हजारांच्या घरात. तरी लगेच काही झालं नाही. फ्रेंच राज्यक्रांतीचा धसका बसला आणि वरिष्ठ सभागृहात सगळं रखडलं. गुलामांचा व्यापार बंद व्हायला १८०७ उजाडलं. १८१४ मध्ये नेपोलियन हरल्यावर तहात फ्रान्सला गुलामांचा व्यापार चालू ठेवायची मुभा मिळतेय म्हटल्यावर लोक पुन्हा भडकले, तेव्हा साडेसात लाख सह्या. आणि १८३३ मध्ये पाच हजारांवर अर्ज, सह्या तेरा लाखांच्या आसपास. त्यातला एक फक्त बायकांचा, १,८७,१५७ सह्यांचा, तावाला ताव शिवून केलेला. १४ मे १८३३ रोजी थॉमस फॉवेल बक्स्टनने तो मांडला, आणि ती गुंडाळी सभागृहात आणायला चौघे सभासद लागले. त्याच ऑगस्टमध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला.

बंदुका अजिबात नव्हत्या असं मात्र म्हणत नाही. जमेकात १८३१ च्या नाताळात सॅम्युएल शार्पच्या पुढाकाराने मोठं बंड झालं होतं. ते चिरडून शेकडो लोकांना फासावर दिलं. बंडाच्या बातम्या नसत्या तर १८३३ च्या सह्यांना तेवढं वजन आलं नसतं.

टग्या

आणि भरपाई कुणाला मिळाली तेही सांगा की. मालकांना! दोन कोटी पौंड. गुलामांना दमडी नाही, उलट आणखी काही वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली फुकट राबा.

शरावती

बरोबर. दोन कोटी पौंड म्हणजे सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या जवळजवळ ४० टक्के. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला. उमेदवारी १ ऑगस्ट १८३८ ला संपली, ठरल्यापेक्षा आधी. तीही दुसऱ्यांदा अर्जांचा पाऊस पडल्यावर.

आपल्या कामाची गोष्ट: १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. हिंदुस्थानासाठी वेगळा कायदा १८४३ मध्ये झाला, आणि त्यानेही गुलाम ‘मुक्त’ केले नाहीत. सरकारी अधिकारी आणि कोर्टं यापुढे गुलामीचा हक्क मानणार नाहीत, एवढंच.

आडवळण

चर्चा छान आहे, पण वाचताना असं वाटतंय की सगळं गोऱ्यांनी गोऱ्यांशीच भांडून केलं. धागाकर्त्याने फ्रँकलिनचा अर्ज सांगितला. १७९७ चा का नाही?

जानेवारी १७९७. चार माणसं: ज्युपिटर निकल्सन, जेकब निकल्सन, जॉब आल्बर्ट आणि थॉमस प्रिचेट. चौघंही नॉर्थ कॅरोलायनात गुलाम होते, क्वेकर मालकांनी मुक्त केलेले. पण त्या राज्याच्या कायद्याला अशी मुक्तता मान्य नव्हती. मुक्त झालेल्याला धरा आणि पुन्हा विका. हे चौघं जीव मुठीत धरून फिलाडेल्फियाला आले आणि काँग्रेसकडे अर्ज केला. कसं पळावं लागलं, मागे कोण राहिलं, शिकारी कुत्री मागावर कशी सोडली, हे एकेकाने सांगितलं आहे. सभागृहाने ५० विरुद्ध ३३ मतांनी अर्ज घ्यायलाच नकार दिला. १८३६ च्या चाळीस वर्षं आधी.

मग १७९९ च्या अखेरीस ॲब्सलम जोन्स आणि फिलाडेल्फियातल्या सत्तरेक स्वतंत्र काळ्या नागरिकांचा अर्ज. अनेकांनी सहीऐवजी फुली मारलेली. मागणी साधी: पळालेल्या गुलामांचा कायदा वापरून स्वतंत्र माणसांनाही पळवून नेतात, ते थांबवा, आणि हळूहळू का होईना गुलामगिरी संपवा. १८०० च्या जानेवारीत सभागृहाने ८५ विरुद्ध १ मतांनी तो मोडीत काढला. तो एक म्हणजे मॅसॅच्युसेट्सचा जॉर्ज थॅचर.

जुनापुराणा (धागाकर्ता)

आडवळण, क्या बात है. तुमचा प्रतिसाद मूळ लेखाला जोडूनच वाचला जावा.

आता राहिलेली हकीकत. मूळ ठराव एका अधिवेशनापुरताच असल्याने तो दर वेळी नव्याने करावा लागे. जानेवारी १८४० मध्ये त्यांनी तो कायमचा नियमच करून टाकला, आणि आधीपेक्षा जहाल: अर्ज मेजावरही ठेवायचा नाही, घ्यायचाच नाही. पण मतं बघा. ११४ विरुद्ध १०८. चार वर्षांपूर्वी ११७-६८ होतं. उत्तरेचे सभासद घरी गेले की मतदार कान धरत होते, त्याचा हा परिणाम.

ॲडम्स दर वेळी नवी फट शोधायचा. अर्ज घेता येत नाही? मग ‘हा अर्ज नियमात बसतो का’ एवढंच विचारतो. ते चालत नाही? मग बंड करून सुटलेल्या गुलामांच्या हैतीला मान्यता द्या, गुलामगिरीचं टेक्सास सामील करून घेऊ नका, अशा मागण्यांचे अर्ज काढतो, ज्यांत गुलामगिरी मागच्या दाराने येते. धमक्यांची पत्रं तर नेहमीचीच.

जानेवारी १८४२ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिल गावच्या ४६ नागरिकांचा अर्ज मांडला. मागणी काय, तर हे संघराज्य शांततेने मोडून टाका! स्वतः ॲडम्सला ती मान्य नव्हती. समितीकडे पाठवा आणि ती का मान्य करता येत नाही याचं उत्तर द्या, असं त्याने सुचवलं. विरोधकांना वाटलं, सापडला. केंटकीच्या थॉमस मार्शलने निंदेचा ठराव आणला, राजद्रोहापर्यंत भाषा गेली. ॲडम्स ७४ वर्षांचा. त्याने कारकुनाला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्याने वाचायला लावला. जुलमी सरकार बदलायचा लोकांना हक्क आहे हे वाक्य येईस्तोवर वाच म्हणाला. मग स्वतःच्या बचावाचं भाषण सुरू केलं, ते दोन आठवड्यांच्या खटल्यात संपेचना. मागून संदर्भ काढून द्यायला वॉशिंग्टनमध्ये मुक्कामाला आलेला कोण? तोच थिओडोर वेल्ड, न्यूयॉर्कच्या कचेरीतला. ७ फेब्रुवारीला विरोधकांनीच दमून विषय १०६ विरुद्ध ९३ मतांनी मेजावर ठेवला. म्हाताऱ्याने लगेच पुढचे अर्ज काढले.

आणि ३ डिसेंबर १८४४. ॲडम्सचा नियम रद्द करण्याचा प्रस्ताव १०८ विरुद्ध ८० मतांनी मंजूर. यात उत्तरेतल्या डेमोक्रॅटांचा रागही होता. त्या वर्षी त्यांच्या मार्टिन व्हॅन ब्यूरेनला टेक्सासच्या मुद्द्यावरून दक्षिणेने उमेदवारी मिळू दिली नव्हती. त्याचं उट्टं काढलं. तत्त्वासाठी सगळे एकदम जागे झाले, असं काही नाही.

मुक्ताई

बायकांबद्दल एवढ्याशा ओळीत उरकलंत? मी भर घालते.

दारोदार फिरून सह्या गोळा करणाऱ्या बहुतांशी बायका होत्या. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कला गुलामगिरीविरोधी बायकांचं पहिलं देशव्यापी अधिवेशन भरलं, आणि तिथे सह्यांच्या मोहिमेची पद्धतशीर वाटणी झाली. कुठला प्रांत कुणी बघायचा, कागद कुठे पाठवायचे, सगळं. आता कल्पना करा, १८३७ साल, एकटीदुकटी बाई अनोळखी घराचं दार वाजवतेय आणि राजकारणाचं बोलतेय. कुणी दार आपटायचं, कुणी ‘नवऱ्याचे मोजे शिव जा’ म्हणायचं.

२१ फेब्रुवारी १८३८ ला अँजेलिना ग्रिमके मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या समितीपुढे वीस हजार बायकांच्या सह्यांच्या वतीने बोलली. अमेरिकेत विधिमंडळाच्या व्यासपीठावर बोलणारी पहिली बाई. ही चार्ल्सटनच्या गुलाममालक न्यायाधीशाची मुलगी, म्हणजे घरातलंच सांगत होती. ऐकायला गर्दी मावत नव्हती. (त्याच मे महिन्यात तिने वेल्डशी लग्न केलं.)

मेरीलँडचा बेंजामिन हॉवर्ड सभागृहात म्हणाला की बायकांनी घर सोडून अर्ज करत सुटणं लाजिरवाणं आहे. त्याला १८३८ च्या जून-जुलैमध्ये ॲडम्सने दिलेलं उत्तर काही दिवस चाललं. बायबलातली एस्तेर, दबोरा, अमेरिकन क्रांतीतल्या बायका, सगळ्यांना साक्षीला काढलं. शेवटी विचारलं की बायकांना मत नाही म्हणून अर्ज नाही म्हणता, पण त्यांना मताचा हक्क नाही हे तरी इतकं पक्कं आहे का? १८३८ मध्ये, माजी राष्ट्राध्यक्ष!

टग्या यांनी तोफेची गोष्ट काढली, तर ऐन तोफांच्या धडधडाटातही सह्याच कामी आल्या. लिंकनच्या १८६३ च्या घोषणेने बंडखोर राज्यांतलेच गुलाम सुटत होते, तेही कागदावर. पूर्ण बंदीला घटनादुरुस्ती हवी होती. मे १८६३ मध्ये एलिझाबेथ केडी स्टँटन (आपल्या हेन्री स्टँटनची बायको) आणि सुझन अँथनी यांनी विमेन्स लॉयल नॅशनल लीग काढली. ९ फेब्रुवारी १८६४ रोजी चार्ल्स समनरने सीनेटमध्ये पहिल्या एक लाख सह्या ठेवल्या. दोन उंच काळ्या माणसांनी ते गठ्ठे उचलून आत आणले. पुढे आकडा चार लाखांच्या जवळ गेला. एप्रिलमध्ये सीनेटने तेरावी दुरुस्ती पास केली, ३१ जानेवारी १८६५ ला प्रतिनिधीगृहाने, आणि ६ डिसेंबर १८६५ ला ती राज्यांकडून मंजूर झाली.

साबुदाणावडा

मुक्ताई, दंडवत घ्या.

टग्या

बरं, तेराव्या दुरुस्तीचं मान्य. पण सैन्य दक्षिणेत शिरलं नसतं तर त्या एक लाख सह्या चाटायच्या होत्या का? हे विचारणारच.

बॉस्टनचा बंड्या

वॉशिंग्टनकडेच बघत बसलात तर असंच वाटणार. राज्यांच्या विधिमंडळांत अर्जाने रोखठोक कायदे झाले.

ऑक्टोबर १८४२ मध्ये जॉर्ज लॅटिमर नावाच्या माणसाला बॉस्टनमध्ये पकडलं. व्हर्जिनियातल्या नॉर्फकहून गरोदर बायकोला घेऊन पळून आलेला. गाव खवळलं. त्याचे पैसे मोजून त्याला सोडवलं, पण लोक तिथे थांबले नाहीत. काही महिन्यांत विधिमंडळाकडे अर्ज गेला, साठ हजारांवर सह्यांचा, वजन दीडशे पौंड, म्हणजे ६८ किलो. १८४३ मध्ये कायदा झाला: मॅसॅच्युसेट्सचा कुठलाही अधिकारी पळालेला गुलाम पकडायला मदत करणार नाही, राज्याचा तुरुंगही वापरू देणार नाही. लोक त्याला ‘लॅटिमर कायदा’च म्हणत. त्याच वर्षी काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरची बंदीही उठली. त्या मागणीसाठी लिन गावच्या शेकडो बायकांनी सह्या केल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी अश्लील टिंगल केली होती, ‘यांना गोरा नवरा मिळत नसेल’ छापाची. १८५५ मध्ये सरकारी शाळांतली वर्णभेदाची वाटणी बंद झाली, त्यामागे विल्यम कूपर नेल या काळ्या कार्यकर्त्याची वर्षानुवर्षांची अर्जबाजी.

हे अर्ज इथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. हार्वर्डने त्यातले साडेतीन हजारांच्या आसपास स्कॅन करून सगळ्यांना खुले केलेत. रविवारी दुपारी बघत बसावं असा ऐवज आहे. एकाच घरातली नावं एकाखाली एक, मधेच थरथरत्या हातातली, मधेच शाळकरी गिरवल्यासारखी. कुठे खळीचा पिवळा डाग, दोन ताव जिथे जोडले तिथे नाव अर्धं खाली गेलेलं. घड्या इतक्या जुन्या की त्या रेषेवरची अक्षरं उडालीत.

नाशिककर

या सगळ्याशी आपल्याकडच्या संबंधाचा उल्लेख कुणीच केला नाही म्हणून लिहितो. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या याच सदाचारी लोकांना अर्पण केलं आहे, निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या त्यांच्या निःस्वार्थ कामाबद्दल आदर म्हणून.

आणि आमच्या नाशिकचा शरणपूर रोड! इंग्रजी आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत, त्यातली काही शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट इथेच शिकलेला.

शरावती

मवाळांची बाजूही मांडते, राहवत नाही. बॉम्बे असोसिएशनने १८५२ मध्ये स्थापन झाल्या झाल्या पार्लमेंटकडे अर्ज केला, कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण व्हायचं होतं म्हणून. १८७० च्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचा नियम तर असा की किमान पन्नास जणांच्या सहीचा मुखत्यारनामा आणाल तर सभासद व्हाल. अर्ज करणारा कुणाच्या वतीने बोलतोय, हा प्रश्न त्यांनाही पडलेला होता.

टग्या

घ्या, चारी बाजूंनी घेरलंत. एकच प्रश्न राहिला. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं, त्या राजधानीतल्या गुलामगिरीचं पुढे काय झालं? ते कुणीच सांगितलं नाही.

जुनापुराणा (धागाकर्ता)

खरंच राहिलं की. १८५० च्या तडजोडीत जिल्ह्यातला गुलामांचा बाजार बंद झाला, गुलामगिरी तशीच. ती गेली १६ एप्रिल १८६२ ला, म्हणजे लिंकनच्या घोषणेच्याही आधी. तीन हजारांवर माणसं सुटली. दक्षिणेचे सभासद तोवर उठून गेले होते, त्यामुळे मतांची अडचणच उरली नव्हती. टग्या, हा मुद्दा तुमच्या बाजूचा, घेऊन टाका.

भरपाई इथेही मालकांनाच, डोईमागे ३०० डॉलरपर्यंत. पण ती मिळवायला मालकाने आयोगाकडे रीतसर अर्ज करायचा, प्रत्येक गुलामाचं नाव, वय, वर्णन लिहून. नऊशेवर मालकांनी केले. काहींनी मुद्दाम केले नाहीत. मग १२ जुलै १८६२ ला पुरवणी कायदा करावा लागला. मालक अर्ज करत नसेल तर गुलामाने स्वतः करावा, आणि साक्ष देताना काळा-गोरा हा भेद धरू नये. १८३७ मध्ये १६२ विरुद्ध १८ ने जो हक्क नाकारला होता तोच हा. त्या कायद्याखाली आलेले अर्ज आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बंड्या, तिकडे चक्कर झाली तर फोटो टाका.

बॉस्टनचा बंड्या

सुट्टी मिळू दे, टाकतो. वेगळा धागाच काढतो त्यासाठी.